शिफ्ट, स्पेसबार आणि मराठी बोटं : स्टॅबिलायझर कसा निवडावा

स्वतःचा मेकॅनिकल कीबोर्ड जुळवायचा ठरलं की सगळा उत्साह स्विचवर खर्च होतो. टॅक्टाइल की लिनियर, किती ग्रॅमचे, कुठल्या कंपनीचे, यावर मित्रमंडळींत रात्री जागवल्या जातात. त्यानंतर की-कॅपचा रंग. स्टॅबिलायझर यादीत सर्वांत शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा किटबरोबर जो आला असेल तोच निमूटपणे बसवला जातो. मग कीबोर्ड तयार होतो, अक्षरांच्या कीज सुरेख वाजतात आणि स्पेसबार मात्र रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा खडखडतो. महागाचे स्विच घेऊनही कीबोर्ड स्वस्तातला वाटतो, तो या खडखडीमुळे. म्हणून या लेखात फक्त स्टॅबिलायझरबद्दल, आणि तेही मराठी लिहिणाऱ्याच्या बाजूने.

आधी तो काय करतो ते पाहू. कीबोर्डवरच्या साध्या अक्षराच्या कीला एक यू रुंदीची की म्हणतात. एक यू म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दोन यू किंवा त्याहून रुंद की असेल तर तिच्याखाली मध्यभागी एकच स्विच असतो आणि दोन्ही कडा अधांतरी राहतात. कडेला बोट पडलं की ती कलंडते, अडकते. हे टाळायला स्विचच्या दोन बाजूंना दोन छोटे प्लास्टिकचे स्टेम बसवतात आणि ते एका वाकवलेल्या तारेने जोडतात. डावा स्टेम खाली गेला की तार उजव्यालाही खाली ओढते, आणि की सपाट खाली जाते. प्लास्टिकचं घर म्हणजे हाउसिंग, त्यात वरखाली होणारा स्टेम आणि तार, एवढाच हा सगळा कारभार. आवाज येतो तो या तिघांमधल्या मोकळ्या जागेतून. तारेचं टोक स्टेमच्या खाचेत आपटलं की टिकटिक, आणि स्टेम हाउसिंगमध्ये हलला की खडखड.

इंग्रजी लिहिणाऱ्याला स्पेसबारची काळजी पुरते. मराठी लिहिणाऱ्याला ती पुरत नाही. भारतीय मानक असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वतंत्र स्वर, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दहाही, शिफ्ट धरूनच येतात, आणि त्या दहाही कीज डाव्या हाताखाली आहेत. शिकवल्याप्रमाणे टाइप करणारा माणूस त्यासाठी उजव्या करंगळीने उजवा शिफ्ट दाबतो. ण सुद्धा त्याच बाजूचा. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, श, ष, ळ हे मात्र उजव्या हाताखाली, म्हणजे त्यांना डावा शिफ्ट. आता ‘आणि’ हा शब्द घ्या. आ ला उजवा शिफ्ट, ण ला पुन्हा उजवा शिफ्ट. ‘आहे’ लिहिताना पुन्हा तोच. मराठीत ज्या शब्दांवाचून एक परिच्छेदही पुरा होत नाही, ते शब्द करंगळीने शिफ्टच्या एका कडेला दाबून लिहिले जातात. आणि रुंद की कडेला दाबणं हीच तर स्टॅबिलायझरची खरी कसोटी.

त्यातही शंभराच्या आसपास कीज असलेल्या नेहमीच्या पूर्ण कीबोर्डवर उजवा शिफ्ट २.७५ यू रुंद असतो, डावा २.२५ यू. स्पेसबार सोडला तर उजव्या शिफ्टइतकी रुंद की त्या बोर्डावर दुसरी नाही. कोल्हापुरातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शासनाची मराठी ३० शब्दांची परीक्षा देऊन बाहेर पडलेला मुलगा, न्यायालयाबाहेर अर्ज लिहून देणारा टायपिस्ट, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक लावणारा डीटीपी ऑपरेटर, या सगळ्यांची करंगळी दिवसभर शिफ्टवर असते. त्यांच्यासाठी कीबोर्ड जुळवत असाल तर तिथल्या स्टॅबिलायझरवर स्पेसबारइतकीच मेहनत घ्या.

मांडणी निवडताना याचा फायदाही करून घेता येतो. ६५ टक्के म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान बोर्डांवर उजवा शिफ्ट बहुधा १.७५ यूचा असतो. दोन यूपेक्षा लहान असल्यामुळे त्याला स्टॅबिलायझर लागतच नाही. दहाही स्वर ज्या कीवर अवलंबून आहेत तिथे तार नाही, टिकटिक नाही. इनस्क्रिप्टमध्ये भरपूर लिहिणाऱ्याला मी ६५ टक्क्यांचा बोर्ड सुचवतो, त्याचं पहिलं कारण हेच. अट एकच: की-कॅपच्या संचात १.७५ यूचा शिफ्ट असला पाहिजे. स्वस्त संचांत तो कधी कधी नसतो.

किती नग लागतील याचा हिशेब सोपा आहे. २, २.२५ आणि २.७५ यू या तिन्ही रुंदींना एकच तार चालते. तिला दोन यूचा स्टॅबिलायझर म्हणतात आणि तिच्या दोन स्टेममधलं अंतर साधारण २३.९ मिलिमीटर असतं. त्यामुळे ८७ कीजच्या बोर्डाला बॅकस्पेस, एंटर आणि दोन शिफ्ट असे दोन यूचे चार नग आणि स्पेसबारचा एक. ६० टक्क्यांच्या बोर्डाचा हिशेबही हाच. उजव्या बाजूला आकड्यांचा भाग असेल तर तिथले शून्य, अधिक आणि एंटर धरून आणखी तीन. ६५ टक्क्यांना दोन यूचे तीनच. स्पेसबार बहुतेक ठिकाणी ६.२५ यूचा असतो आणि त्याच्या दोन स्टेममधलं अंतर १०० मिलिमीटर. काही बोर्डांवर तो ७ यूचा असतो, तिथे हे अंतर ११४.३ मिलिमीटर होतं. ६.२५ ची तार ७ यूच्या जागेत कुठल्याही युक्तीने बसत नाही. संच मागवण्याआधी पीसीबीवरची, म्हणजे कीजखालच्या सर्किट बोर्डावरची, भोकं पट्टीने मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

बसणार कुठे, हे आधी

कुठल्या कंपनीचा घ्यावा हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे तुमच्या बोर्डावर कुठल्या पद्धतीचा बसतो.

चेरी पद्धतीच्या स्टॅबिलायझरचे तीन प्रकार मिळतात. प्लेट-माउंट हा स्विच ज्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटमध्ये बसतात तिलाच चापाने अडकतो, आणि त्यासाठी प्लेट दीड मिलिमीटर जाडीची असावी लागते. क्लिप-इन हा खालच्या पीसीबीच्या भोकांत दाबून बसवतात. स्क्रू-इन पीसीबीवरच बसतो, पण मागच्या बाजूने बारीक स्क्रूने आवळतात. पीसीबीला स्टॅबिलायझरची भोकं असतील, एक मोठं आणि एक लहान अशी जोडी, तर स्क्रू-इन घ्या. त्यात दुसरा विचार नको. प्लेटवर बसलेला स्टॅबिलायझर की दाबली जाताना किंचित डोलतो आणि तो डोल नंतर कितीही ग्रीस घातलं तरी जात नाही. क्लिप-इन चांगला बसतो, पण घट्ट की-कॅप उपसताना कधी कधी हाउसिंगसकट वर येतो. स्क्रूने आवळलेला जागचा हलत नाही. भोकंच नसतील तर प्लेट-माउंटला इलाज नाही. बाजारातल्या बऱ्याच तयार आणि स्वस्त बोर्डांची हीच गत असते.

चौथी एक जात आहे, कॉस्टार. जपानच्या फिल्को ब्रँडचे कीबोर्ड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती ठाऊक असेल. तिच्यात तार थेट की-कॅपच्या आत बसवलेल्या छोट्या तुकड्यांत अडकते. दाबायला ती मोकळी असते, पण की-कॅप काढून पुन्हा बसवणं म्हणजे संयमाची परीक्षा. नव्याने जुळवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पीसीबीची जाडी पाहायला बरेच जण विसरतात. नेहमीची जाडी १.६ मिलिमीटर. अलीकडे दाबताना थोडी लवचीकता यावी म्हणून काही किटमध्ये १.२ मिलिमीटरची पीसीबी देतात. जाड पीसीबीसाठी बनवलेला स्टॅबिलायझर पातळ पीसीबीवर सैल राहतो. अशा वेळी पातळ पीसीबीला चालणारा नग मागवा, किंवा स्क्रूखाली जास्तीचा वॉशर घाला. वॉशर एरवीही हवाच. स्क्रू धातूचा, आणि त्याचं डोकं ज्या पीसीबीवर टेकतं तिच्यावरून तांब्याच्या रेषा गेलेल्या असतात. फायबरचा वॉशर मध्ये नसेल तर शॉर्ट होऊन एखादी की बंद पडू शकते. आणि स्क्रू हाताला थांबला की थांबा. आटे प्लास्टिकमध्ये आहेत, जोर लावला तर कायमचे घासतात.

प्लेट आणि पीसीबीमध्ये फोम असेल तर स्टॅबिलायझरभोवती तो पुरेसा कापलेला आहे का बघा. फोमची कड तारेला घासत असेल तर की जड होते, सावकाश वर येते, आणि दोष उगाच ग्रीसला दिला जातो.

आता कंपन्या. जर्मनीच्या चेरीचे आणि जीएमकेचे स्टॅबिलायझर जुन्या घडणीचे. त्यांच्या स्टेमच्या तळाला बारीक पाय असतात. त्यांच्यामुळे की तळाला टेकताना मऊ, लिबलिबीत लागते, म्हणून लोक ते पाय नेलकटरने कापतात. हल्लीचे ड्युरॉक किंवा टीएक्ससारखे स्टॅबिलायझर पाय नसलेल्या सपाट स्टेमचेच येतात, म्हणजे ती कापाकापी वाचली. ड्युरॉक पहिल्या बोर्डासाठी चांगला, जमवायला सोपा. टीएक्समध्ये मोकळी जागा कमी ठेवलेली असते, त्यामुळे मूळचीच खडखड कमी. पण जागा कमी म्हणून ग्रीसही कमी लागतं. सवयीने भरपूर घातलं तर की चिकटते. तारेवर सोनेरी मुलामा असला तर चांगलं, आवाजासाठी नव्हे, गंजासाठी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. उघड्या पोलादाच्या तारेला त्या हवेत डाग पडायला वेळ लागत नाही.

महागडा नग घेतला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. नीट जमवलेला साधा स्टॅबिलायझर, पाकिटातून काढून तसाच बसवलेल्या भारी स्टॅबिलायझरपेक्षा चांगला वाजतो. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा आणि वेळ पुढच्या कामाला द्या.

तार सरळ करणं

हे काम बहुतेक जण टाळतात आणि निम्मी टिकटिक इथेच राहते. तारेचा आकार उताण्या पडलेल्या चौकोनी कमानीसारखा: एक लांब दांडी आणि दोन टोकांना काटकोनात वळलेले दोन पाय. हे तिन्ही भाग एकाच पातळीत असले पाहिजेत. कारखान्यातून येताना किंवा पार्सलमध्ये दबून ते किंचित पिळलेले असतात. एक पाय खाली आणि दुसरा उचललेला राहिला की एक स्टेम आधी पोचतो, दुसरा नंतर, आणि की एका बाजूने टिकटिकते.

त्यासाठी खात्रीचा सपाट पृष्ठभाग हवा. जेवणाचं टेबल चालत नाही. काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा आणा. आणि कोल्हापुरात राहत असाल तर याहून चांगली सोय हाताशी आहे: शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगचं काम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात सरफेस प्लेट असते, म्हणजे मार्किंगसाठी ठेवलेला तासून सपाट केलेला जाड ठोकळा. ओळखीच्या फिटरला पाच मिनिटं मागितली तर तो आनंदाने देतो. शिवाय तार कुठे पिळली आहे हे त्याच्या नजरेला आपल्या आधी दिसतं.

तार त्यावर ठेवा. लांब दांडी बोटाने दाबून धरा आणि झेरॉक्सच्या कागदाची पट्टी एकेका पायाखाली सरकवून पाहा. हा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. पट्टी सहज आत गेली तर तो पाय उचललेला आहे. कोपऱ्याजवळ दांडी एका पकडीने धरा, पाय दुसऱ्या पकडीने, आणि अगदी जरासा पीळ द्या. पकडीच्या तोंडात कापड ठेवा, नाहीतर मुलाम्याला ओरखडे पडतात आणि पावसाळ्यात पहिला गंज तिथेच धरतो. पुन्हा ठेवा, पुन्हा पट्टी. तार हट्टी असते, पाहिजे त्यापेक्षा जास्त वळते, मग उलट वळवावी लागते. स्पेसबारची तार लांब असल्यामुळे तिला सर्वांत जास्त वेळ लागतो. दोन्ही पायांखाली पट्टी अडली की ती तार बाजूला ठेवा आणि पुढची घ्या.

ग्रीस

दोन वेगळी ग्रीसं लागतात, कारण कामं दोन आहेत. हाउसिंगच्या आतल्या भिंती आणि स्टेमच्या बाहेरच्या बाजू एकमेकींवर घासतात. तिथे पातळ थर हवा. यासाठी क्रायटॉक्स २०५ ग्रेड शून्य हे सगळीकडे मानलेलं ग्रीस आहे, स्विचसाठीही तेच वापरतात. कलासाहित्याच्या दुकानातला शून्य नंबरचा ब्रश घ्या आणि रंगाचा हलका हात फिरवावा तसं फिरवा. प्लास्टिकवर पांढरं दिसू लागलं तर जास्त झालं.

तारेचं टोक स्टेममध्ये जिथे शिरतं तिथे मात्र दाट ग्रीस हवं, कारण तिथली मोकळी जागा भरून काढायची आहे. डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणून सिलिकॉनचं दाट ग्रीस मिळतं. गाडीच्या स्पार्क प्लगच्या टोपीला लावतात तेच. ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारा. मेडिकलमधून एक मिलिलिटरची सिरिंज आणून तिच्यात ते भरलं की बोर्ड पूर्ण जुळल्यावरही की-कॅप काढून, वरून स्टेमच्या खाचेत थेंबभर सोडता येतं. नंतर कधी टिकटिक परत आली तर बोर्ड खोलायची गरज पडत नाही.

शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, व्हॅसलीन किंवा गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काहीही वापरू नका. तेल पातळ असतं, वाहून पीसीबीवर उतरतं आणि धूळ धरतं. पेट्रोलियमच्या पदार्थांनी काही प्लास्टिकं कालांतराने ठिसूळ होतात.

कापडी बँड-एडचे तुकडे लावायच्या दोन युक्त्याही प्रचलित आहेत. पहिली, स्टेम जिथे पीसीबीवर आपटतो त्या जागी तुकडा चिकटवणं. ती करून पाहायला हरकत नाही, आपटण्याचा आवाज मऊ होतो, आणि लेखन रात्रीचं असेल तर घरच्यांची झोप वाचते. दुसरी, स्टेमच्या आतच बारीक पट्टी बसवून तारेला गादी करणं. ती कौशल्याची आहे. तुकडा जरा जाड झाला तर की अडकते. तार सरळ असेल आणि दाट ग्रीस नीट घातलं असेल तर तिची गरज पडत नाही, असं माझं मत आहे.

सोल्डर करण्याआधी

पीसीबीवर बसणारे स्टॅबिलायझर प्लेट आणि स्विचच्या आधी बसतात. तुमचा बोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच नुसते खोचायचे असतील, तर चूक सुधारता येते. सगळे स्विच उपसा, प्लेट काढा, पुन्हा करा. सोल्डरचा बोर्ड असेल तर एका टिकटिकणाऱ्या शिफ्टसाठी साठ-सत्तर स्विच उकलावे लागतात. म्हणून सोल्डरच्या बोर्डावर तपासणी आधीच.

स्टॅबिलायझर बसवल्यावर पीसीबी हातात धरून प्रत्येक स्टेम बोटाने वर उचला आणि सोडा. तो आपल्या वजनाने, कुठेही न रेंगाळता खाली पडला पाहिजे. दोन्ही बाजू एकदम पडाव्यात. रेंगाळला तर ग्रीस जास्त आहे किंवा तार वाकडी आहे. मग प्लेट ठेवा, फक्त रुंद कीजखालचे स्विच खोचा आणि की-कॅप लावा. एकदा मध्ये, एकदा डाव्या टोकाला, एकदा उजव्या टोकाला दाबा. तिन्ही ठिकाणी आवाज जवळजवळ सारखा हवा.

इथे स्पेसबार अजूनही डुगडुगत असेल तर स्टॅबिलायझरला दोष देण्याआधी स्पेसबारचा की-कॅपच काढून काचेवर पालथा ठेवून बघा. पीबीटी प्लास्टिकचे लांब की-कॅप साच्यातून निघून थंड होताना पुष्कळदा किंचित वाकतात. कॅप मधोमध उचललेला असेल तर जगातला कुठलाही स्टॅबिलायझर त्याला शांत करू शकत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवून बदलून मागा. स्टॅक्सकेबी, मेकीज, निओमॅक्रो यांसारख्या भारतातल्या विक्रेत्यांकडून माल घेण्याचा एक फायदा असा, की बदली मागणं सोपं जातं. परदेशातून मागवलेल्या पार्सलवर आयात शुल्क लागू शकतं आणि परत पाठवणं परवडत नाही.

शेवटची तपासणी मराठीतच करा. तयार कीबोर्डांच्या चाचण्या इंग्रजी वाक्यांवर होतात आणि त्यांत शिफ्टला फारसं काम पडत नाही. त्यासाठी हे वाक्य घ्या: ‘आणि रंकाळ्याच्या ओढीने आलेला भाऊ खासबागेत थांबला.’ इनस्क्रिप्टमध्ये ते लिहिताना शिफ्ट दहा वेळा दाबावा लागतो, पाच वेळा उजवा आणि पाच वेळा डावा. स्पेसबार फक्त सहा वेळा. बोर्ड अजून सोल्डर झालेला नसेल तर नुसत्या खोचलेल्या स्विचवरही बोटं याच क्रमाने शिफ्टवर आणि स्पेसबारवर चालवून पाहा, पीसीबीकडे न बघता, फक्त कानाने. करंगळी जिथे नैसर्गिकपणे पडते तिथेच पडू द्या, मुद्दाम मध्यभागी दाबू नका. दोन्ही शिफ्ट आणि स्पेसबार या तिघांनी हे वाक्य टिकटिक न करता पार पाडलं, की मगच सोल्डरिंग आयर्न तापवा.